सडत नाही तो पाहुणा

गावाचं नाव सांगणार नाही. वर्ध्याहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, एवढं पुरे. या गोष्टीत गावाची अब्रू जाण्यासारखं काही नाही, माझी आहे. तुमच्यापैकी कुणी तिथे जाऊन ‘पुण्याचे गोडबोले इथे आले होते का?’ असं विचारलं, तर भाजीवाल्या बायकांपासून बाजारातल्या गाईंपर्यंत सगळे उत्साहानं साक्ष देतील.

गेलो तो दिनकर राऊतच्या पत्रामुळे. दिनकर कॉलेजात माझ्याबरोबर होता. तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या वह्या वापरल्या. म्हणजे मी त्याच्या वापरल्या. पुढे मी पुण्यात कचेरीतल्या खुर्चीला चिकटलो आणि तो आपल्या मुलखात परत जाऊन एका निवासी शाळेत गुरुजी झाला. त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या मुलांनी ठरवलंय की शाळेतलं आणि गावातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. येऊन बघ. तू तसाही तिकडे वायाच जातोयस.’

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मी चार दिवसांची रजा टाकली.

सोमवार: बाभळीची फुलं

वर्ध्याच्या स्टँडवर देवळीची एसटी मिळाली. बाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, तुरी कापणीला आलेल्या, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळी. त्या बाभळींना पांढरीशुभ्र फुलं आलेली पाहून मला राहवलं नाही. मी कंडक्टरला म्हणालो, “आमच्याकडे बाभळीला पिवळी फुलं येतात. तुमच्याकडे पांढरी दिसतात.”

कंडक्टरनं तिकिटाची पेटी बंद केली आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ऐका हो, साहेब काय म्हून राह्यले! साहेब, तो कापूस हाय. गाड्या जाते, काट्याले अडकते.”

पुढचे आठ मैल अख्खी गाडी मला फुलं दाखवत होती. “साहेब, थे पाहा, तारेले फूल आलं.” “साहेब, म्हाताऱ्याच्या टोपीले आलं.” उतरताना कंडक्टर प्रेमानं म्हणाला, “परत येजो साहेब, आंब्याले संत्री लागली का कळवतो.”

फाट्यावर मला न्यायला दिनकरनं एक मुलगी पाठवली होती. दहावीतली, दोन वेण्या, हातात एक पोतडी. बाभळीच्या काट्यांवरचा कापूस वेचून ती पोतडीत भरत होती.

“मी शेवंता. सफाईमंत्री,” ती म्हणाली.

या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. दर सहा महिन्यांनी निवडणूक होते. एक रसोडामंत्री स्वयंपाकघर बघतो, एक शेतीमंत्री, एक पाणीमंत्री. या सगळ्यांत वजनदार खातं सफाईचं. वेचलेल्या कापसाच्या वाती होतात आणि उशा होतात. त्यातल्याच एका उशीवर मी पुढे झोपलो.

खोलीत पोचताच मंत्रीबाईंनी माझी बॅग उघडायला लावली. “काका, याच्यातलं इथं काय काय उरन?”

मला प्रश्नच कळेना. तिनं शांतपणे यादी केली. चिवडा खाल्ल्यावर वर्तमानपत्र उरेल, त्याचा लगदा करून टोपल्या लिंपता येतील. साबणाचा कागद चुलीला. प्लास्टिकची पिशवी, दाढीची पाती आणि टॉर्चचे सेल मात्र आले तसे परत पुण्याला न्यायचे.

“वापरलेले सेलसुद्धा?”

“आमी कुठं ठेवाचे मंग?”

आमच्या घरी अशा वस्तू ‘जातात’. कुठे जातात हे मी पस्तीस वर्षांत विचारलेलं नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि वर तिखटाचा असा तवंग, की माझे कान आतून साफ झाले. त्या शाळेतली ती पहिली सफाई.

मंगळवार: कटकारस्थान

पहाटे उठलो तर टॉर्च मेलेला. दोन्ही सेल काढले. परत पुण्याला न्यायचे म्हणे! मी इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या बाजूच्या खताच्या खड्ड्यात हळूच टाकून दिले. वरून पायानं थोडा पाला सरकवला. आपण फार चतुर आहोत असं वाटण्याची मला लहानपणापासून सवय आहे.

परत येऊन उशीवर जरा आडवा झालो, तर कुडापलीकडून दोन आवाज आले. एक शेवंताचा. दुसरा गुणवंतचा, हा रसोडामंत्री, शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, आवाज नुकताच फुटलेला.

“कालच्या पाहुन्याचं काय करतं व?” गुणवंत विचारत होता.

“थेच पाहून राह्यली. पुरून टाकू म्हटलं, तं सडत नाई तो.”

“मागच्या साली एक पुरलाच होता नं आपन?”

“जसाच्या तसा निंगाला मंग. तोंड बी तसंच.”

मी उठून बसलो.

“जाळून टाकू?”

“हट! लय वास सुटते. गुरुजी रागावतीन.”

“मंग तुकडे करू. इळा आन तू. आंग जाड हाय त्याचं, पन कापल्या जाते.”

मी अंगात सदरा घालत, म्हणजे खरं तर एक हात घालून दुसरा शोधत, दिनकरच्या खोलीकडे धावलो आणि एका दमात सांगितलं. दिनकर आधी गंभीर झाला, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग तो पोट धरून खाली बसला.

शाळेत सगळ्या टाकाऊ वस्तूंचे तीन ढीग. माती होईल ती ‘माती’, पुन्हा कामाला येईल ती ‘कामाची’. आणि जी बाहेरून येते, कुजत नाही, कुणाच्या कामाला येत नाही आणि हलता हलत नाही, तिला मुलांनी नाव दिलंय ‘पाहुणा’. कालचा पाहुणा म्हणजे बाजारात सापडलेली जाड रबरी चप्पल. पुढे तिच्या पट्ट्या कापून त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बिजागऱ्या केल्या.

“तुझं नाव कुणी काढलं नव्हतं,” डोळे पुसत दिनकर म्हणाला. “पण वर्णन जुळलं खरं.”

दुपारी पंगत बसली. प्रत्येकापुढे भाकर, अंबाडीची भाजी, वरण. माझ्या ताटात, लिंबाची फोड असते त्या जागी, दोन टॉर्चचे सेल. धुऊनपुसून, नीट शेजारी शेजारी ठेवलेले.

हा तिथला रिवाज आहे. कुणी काही भलतीकडे टाकलं की ते शोधून, स्वच्छ करून, ज्याचं त्याला ताटात वाढायचं. बोलायचं काही नाही. साठ मुलं मान खाली घालून जेवत होती आणि साठांचेही खांदे दिनकरसारखे हलत होते. गुणवंत वाढायला आला. “काका, अजून वाढू का थोडं?”

संध्याकाळी नदीच्या बाजूला फिरायला गेलो, तेव्हा दिनकरचं हसू ओसरलं होतं. मग म्हणाला, “उद्या बुधवार. गावचा बाजार. संध्याकाळी सगळा पालापाचोळा मुलं टोपल्यांनी इथे आणतात, खड्ड्यांत. गावातून, भर बाजारातून, डोक्यावर टोपलं घेऊन. आणि उद्या शेवंताचे वडील येताहेत.”

“मग छान की.”

“छान काय! तिला घरी न्यायला येताहेत. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावचं हेच काम होतं. छप्पन साली नागपूरला जाऊन ते बौद्ध झाले आणि त्या दिवशी टोपलं खाली ठेवलं ते कायमचं. आणि आता पोरगी शाळेत सफाईमंत्री! त्यांनी पत्र पाठवलंय. मी त्यांना कळवलं, इथे सगळ्यांची पाळी असते, फळ्यावर लिहिलेली, पाटलाच्या पोराची आणि गुरुजींचीसुद्धा. ते म्हणाले, लिहिलेलं लय वाचलं, डोळ्यांनी पाहतो. टोपलं तिच्या डोक्यावर आणि बाकीचे बघताहेत असं दिसलं, तर त्याच गाडीनं घेऊन जाईन.”

“आणि ती?”

“ती दहावीची परीक्षा देणारी त्या घरातली पहिली. काल मला विचारत होती, गुरुजी, वह्या आधीच बांधून ठेवू का.”

परत आलो तर फळ्यावर उद्याची पाळी लिहिलेली होती. बुधवार, बाजार, पहिलं टोपलं: गोडबोले काका.

पाहुण्यालाही पाळी सुटत नाही.

बुधवार: इन्स्पेक्टरसाहेब

खरं सांगतो, मला शेवंताबद्दल वाईट वाटलं होतं. पण भर बाजारातून डोक्यावर टोपलं घेऊन जायचं हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या चांगुलपणाला घाम फुटायचा. शिवाय साठ मुलं होती. एक गोडबोले कमी पडला तर कुणाला कळणार? दुपारी मी कंबर धरली. हाय-हूय केलं. मुलांनी शेकायला गरम वीट आणली, तेल आणलं. माझ्या जागी कोण जाणार, हे मी विचारलं नाही. न विचारण्यात माझा हातखंडा आहे, हे सेलवरून तुम्हाला कळलं असेलच.

चारच्या सुमारास शाळा रिकामी झाली आणि मी ओसरीत येऊन बसलो. तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट, काखेत चामडी बॅग. मी लगेच ओळखलं: शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर. उठून खुर्ची दिली, पाणी दिलं.

“राऊतगुरुजी?” त्यांनी विचारलं.

“बाजारात गेलेत, मुलांबरोबर. आज टोपल्यांचा कार्यक्रम.”

“तुमी नाई गेले?”

आणि मला गप्पा मारायची लहर आली. समोर बरोबरीचा माणूस भेटला की मला ती येतेच. मी पुढे वाकून, आवाज खाली करून म्हणालो, “माझीच पाळी होती हो साहेब. कंबर धरली म्हणून सांगितलं पोरांना! विटेनं शेकून दिलं बिचाऱ्यांनी.” मी खूप हसलो. ते हसले नाहीत. सरकारी माणूस हसत नसतो म्हणून मी आणखी जोर केला. “आपल्याला कुठलं जमायला! ज्यांना सवय असते ती माणसं असतातच की गावात.”

त्यांनी पाण्याचा पेला सावकाश खाली ठेवला. खुर्चीजवळ नाही, बरोबर माझ्यासमोर.

“तुमच्या जागी कोन गेलं मंग?”

“असेल कुणीतरी.”

“कोनी आजारी पडलं का त्याची पाळी सफाईमंत्री करते,” ते म्हणाले. “पोरीनं मले पत्रात लिवलं होतं. मी सदाशिव. शेवंता माही पोरगी.”

माझा हात आपोआप कंबरेकडे गेला.

ते उठले. “बरं झालं तुमी भेटले. बाकीचे लोकं सांगत नाई.” आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागले. मी मागून धावलो, इतका चांगला धावलो की खोट्या कंबरेचा मलाही विसर पडला.

बाजार उठत होता. मुळ्याची पानं, वांग्यांची देठं, संत्र्यांच्या साली, कडब्याच्या काड्या, शेण. पन्नासेक मुलं खाली बसून वेगवेगळं करत होती. आणि त्या गर्दीतून पहिलं टोपलं निघालं होतं, भाजीवाल्यांच्या दोन रांगांमधून, सगळ्यांच्या नजरेसमोर. ते शेवंताच्या डोक्यावर होतं.

सदाशिवराव थांबले. तीही थांबली. बाप आणि मुलगी दहा पावलांवर.

“उतरव,” ते म्हणाले.

“बाबा, आज माही पाळी नाई. काकाची तब्येत—”

“उतरव, शेवंता. वह्या बांध.”

दिनकर धावत आला, पण बोलणार काय? फळ्यावरचं नाव पुसता येत नाही आणि डोळ्यांना दिसलेलंही. माझ्यात तेव्हा जे काही शिल्लक होतं ते मी गोळा केलं आणि मध्ये जाऊन उभा राहिलो.

शेवंतानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “काका, कंबर?”

“बरी आहे.”

“कधीपासनं?”

“पहिल्यापासून.”

हे मी हळू म्हणालो, पण बाजारात हळू असं काही नसतं. एक म्हातारी कांदेवाली ओरडली, “आगं माय! खोटी कंबर! पुन्याहून आनली का हो?” आणि हसण्याची जी लाट उठली ती पार बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेली.

मी शेवंताच्या डोक्यावरचं टोपलं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. ते उजवीकडे गेलं. सरळ केलं, डावीकडे गेलं. ओल्या पाल्याचं पाणी कॉलरमधून आत शिरलं. एक मुळा कानावर लोंबायला लागला आणि एका गाईनं मागून येऊन तो ओढला, तेव्हा मी जे गोल फिरलो, त्याला कांदेवालीनं टाळ्या वाजवल्या.

“थांबा,” सदाशिवराव म्हणाले. टोपल्याला त्यांनी हात लावला नाही. काखेतल्या बॅगेतून त्यांनी स्वतःचा धुतलेला पंचा काढला, दोन पीळ दिले, गोल वेटोळं केलं. डोळे मिटूनही झालं असतं असं. “पोरा, धर रे त्याहिचं टोपलं वर.” गुणवंतनं उचललं. त्यांनी ते वेटोळं माझ्या डोक्यावर ठेवलं. “चुंबळीबिगर डोक्शावर ठेवाचं नसते. एवढं बी माहीत नाई?”

टोपलं बसलं. हललं नाही.

शाळेपर्यंतची वाट अर्धा मैल असेल. ते माझ्या शेजारून चालत होते, हात मागे बांधून.

“पुन्यात तुमच्या घरचं कोन नेते?”

“येते एक बाई.”

“नाव काय तिचं?”

डोक्यावर टोपलं असताना मान वळवता येत नाही, याचा मला तेव्हा मोठा आधार वाटला. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मागून दिनकर टोपलं घेऊन येत होता, त्याच्यामागे पाटलाचा मुलगा, त्याच्यामागे एकेक करत सगळे. सदाशिवरावांनी दोनदा वळून पाहिलं. मोजत असावेत.

शाळेत आल्यावर मी खड्ड्यात टोपलं रिकामं केलं आणि स्वतःही जवळजवळ गेलोच. हातपाय धुतले. शेवंता ओसरीत वह्या घेऊन आली होती, दोरीनं बांधलेल्या. तिनं त्या बापाजवळ ठेवल्या आणि खडू हातात घेतला.

“बाबा, गाडी साडेसातची हाय. तोपर्यंत उद्याची पाळी लिवून देतो,” ती म्हणाली. मग वळून, मान जरा वर करून, “तुमचं नाव लिवू का? आलेल्या पाहुन्याले पाळी असते. नियम हाय.”

दिनकरनं डोळे मिटले. मी खांबामागे सरकलो.

“मी नाई उचलत,” सदाशिवराव म्हणाले. “माहं उचलून झालं. माह्या बापाचं झालं, आज्याचं झालं, पंज्याचं झालं.”

शेवंतानं फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे सुवाच्य अक्षरात: ‘रजा मंजूर. काम आधीच झालेलं आहे.’ खाली सही केली, सफाईमंत्री.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं. माझ्याकडे बोट केलं.

“अन्‌ याहिचं?”

“काकाचं? त्याहिचं बाकी हाय.”

“किती?”

“तुमच्याइतकंच धरा,” मंत्रीबाई म्हणाल्या. “चार पिढ्या.”

आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग ते असे हसले की त्या कडक शर्टाची इस्त्री मोडली. दिनकर हसला, मुलं हसली, खांबामागून मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्यांनी वह्यांची दोरी स्वतःच्या हातानं सोडली.

“मंग तू राहाजो इथंच,” ते मुलीला म्हणाले. “चार पिढ्याचं काम हाय. नजर ठेवाले कोनी तं पाह्यजे.”

जेवून, साडेसातच्या गाडीनं ते एकटे गेले. पंचा मी धुऊन परत देत होतो, तर म्हणाले, “ठेवा. उद्या लागन.”

रविवार: निघताना

गुरुवारचं तिकीट मी रद्द केलं. कचेरीत तार केली की कंबर धरली आहे, आणि दैवाचा न्याय असा की या वेळी ती खरोखर धरली होती. गुरुवारी खड्डे उपसले, शुक्रवारी जुनं खत चाळलं. वर्षभर मुरलेल्या त्या खताला वास येतो तो फक्त मातीचा, हे पुण्यात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. शनिवारी खत शेतात न्यायला पुन्हा टोपली. शेवंता एका हातात भूगोलाचं पुस्तक धरून पाठांतर करी आणि दुसऱ्या हातानं मला दिशा दाखवी.

रविवारी सकाळी गुणवंत बॅग घेऊन फाट्यापर्यंत यायला तयार झाला. बॅगेत दोन मेलेले सेल, सहा पाती आणि एक प्लास्टिकची पिशवी होती, मंत्रीबाईंनी जातीनं तपासलेली. मी फळ्याकडे पाहिलं. माझं नाव पुसलेलं नव्हतं. त्यापुढे लिहिलं होतं: ‘स्वतःचं झालं. वडिलांचं सुरू.’

आमचे वडील पुण्यात रोज सकाळी काठी फिरवत टेकडीवर जातात आणि येताना म्हणतात, सेवानिवृत्त माणसाला काही उद्योग हवा. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.